विझवायची नाही असं ठरवलेली आग

११ सप्टेंबर २००१ च्या दुपारी न्यूयॉर्कमध्ये ४७ मजल्यांची एक इमारत जळत होती आणि तिची आग विझवायची नाही, असं शहराच्या अग्निशमन दलाने ठरवलं होतं. वर्ल्ड ट्रेड सेंटरचे दोन मनोरे जगाच्या लक्षात राहिले. व्हेसी स्ट्रीटपलीकडची ही सात क्रमांकाची इमारत फारशी कुणाला आठवत नाही. पण आपत्तीत कोणत्या आगीशी झुंजायचं आणि कोणती सोडायची, हे अधिकारी कसं ठरवतात ते तिच्यावरून नेमकं कळतं.

वर्दी मिळून बंब पोचले की अधिकाऱ्यासमोर तीन प्रश्न असतात. आत कुणी जिवंत असण्याची शक्यता आहे का? पाणी आणि माणसं पुरेशी आहेत का? इमारत किती वेळ तग धरेल? वाचू शकणाऱ्या जिवासाठी मोठा धोका पत्करायचा, मालमत्तेसाठी बेताचा, आणि जे हातचं गेलंच आहे त्यासाठी मुळीच नाही, हे अमेरिकेतल्या दलांत मुरलेलं सूत्र आहे. एरवी कुमक मागवून वेळ निभावता येते. आपत्तीत तीच तुटपुंजी पडते. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपानंतर जपानमधल्या कोबे शहरात एकाच वेळी कितीतरी ठिकाणी आगी लागल्या आणि जलवाहिन्या फुटल्या. नागाता भागात होजपाईपला होजपाईप जोडत समुद्राचं पाणी आणावं लागलं.

न्यूयॉर्कमध्येही पाण्यानेच दगा दिला. सकाळी १०:२८ ला उत्तरेकडचा मनोरा कोसळला. त्याच्या जळत्या ढिगाऱ्याने सात क्रमांकाच्या इमारतीत किमान १० मजल्यांवर आगी लागल्या. मनोऱ्यांच्या पडझडीत शहराची जलवाहिनीही तुटली. या इमारतीत विसाव्या मजल्यापर्यंतच्या स्प्रिंकलरना थेट त्याच वाहिनीचं पाणी होतं, आणि आग आवरेनाशी झाली ती सातव्या ते तेराव्या मजल्यांच्या टप्प्यात. इमारतीतली माणसं आधीच बाहेर पडली होती. दलाचे ३४३ जण त्या दिवशी गेले. दलप्रमुख पीटर गान्सी मृत्युमुखी पडल्यावर सूत्रं डॅनियल नायग्रो यांच्याकडे आली.

उरला प्रश्न इमारतीचा. नैर्ऋत्य कोपऱ्यात दहाव्या ते तेराव्या मजल्यांदरम्यान भिंतीला फुगवटा दिसत होता. अधिकाऱ्यांनी सर्वेक्षणाची दुर्बीण त्यावर रोखून हालचाल तपासली. इमारत करकरत असल्याचंही ऐकू येत होतं. दुपारी अडीचच्या सुमारास परिसर पूर्ण रिकामा करायचं ठरलं. हा हुकूम पाळणं सोपं नव्हतं. शेजारच्या ढिगाऱ्याखाली सोबती अडकलेले असताना त्यांना शोधणाऱ्या जवानांना मागे घ्यायचं होतं. तरी ते घेतले गेले. सायंकाळी ५:२० ला इमारत कोसळली, तेव्हा तिच्याखाली एकही माणूस सापडला नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००८ मध्ये या पडझडीचा अहवाल दिला. उष्णतेने प्रसरण पावलेल्या तुळयांमुळे मजले ढासळले, ७९ क्रमांकाच्या खांबाचा आधार गेला आणि सगळी इमारत खाली आली. स्प्रिंकलरना पाणी मिळून ते नीट चालले असते तर बहुधा आग आटोक्यात राहिली असती आणि इमारत वाचली असती, असंही अहवाल सांगतो. म्हणजे निर्णय दुपारी झाला, पण लढण्याचा पर्याय पाण्याबरोबर सकाळीच गेला होता.

जळती इमारत अंगावर येते म्हणजे काय, हे मुंबईने सोसलं आहे. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासमध्ये आगीशी झुंज चालू असताना इमारत कोसळली. मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी आपण गमावले. अशी माणसं धोका पत्करतात ती आपल्या भरवशावर, आणि तो भरवसा आपण आधीच कमवायचा असतो. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची वा भोगवटादाराची आहे. परवानाधारक संस्थेकडून तसं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत घ्यायचं असतं. अनेकांच्या लेखी तो कागदी सोपस्कार असतो. पंप बंद, टाकी कोरडी आणि जिन्यात अडगळ असेल तर अधिकाऱ्याला निवड करायला काही उरतच नाही. तेव्हा सोसायटीच्या पुढच्या सभेत प्रमाणपत्राचा कागद पाहून थांबू नका. पंप सुरू करून दाखवायला सांगा. आणि कधी एखादा अधिकारी जळत्या इमारतीपासून जवानांना मागे घेताना दिसला, तर त्याला भित्रा म्हणू नका. तो त्या क्षणी जीवच वाचवत असतो.