कमी आहार, दीर्घ आयुष्य: सूत्रकृमीवरील प्रयोग

अन्न कमी झाले की प्राणी लवकर मरेल, असे तुम्हाला वाटेल. उपासमारीत तसेच घडते. परंतु कुपोषण होऊ न देता अन्न मर्यादित ठेवले, तर अनेक प्राणी जास्त जगतात. यालाच आहार-मर्यादा म्हणतात. १९३५ मध्ये क्लाइव्ह मॅके व सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतील उंदरांमध्ये हे दाखवले. पण असे का होते?

याचे उत्तर शोधण्यासाठी सीनोरॅब्डायटिस एलिगन्स हा सुमारे १ मिलिमीटर लांबीचा सूत्रकृमी सोयीचा ठरतो. तो आगारच्या थरावर ई. कोलाय जिवाणू खाऊन वाढतो आणि २० अंश सेल्सिअसला दोन ते तीन आठवडे जगतो. तारेच्या टोकाने हळूच स्पर्श करूनही हालचाल झाली नाही, तर तो मृत समजतात.

त्याचा आहार दोन प्रकारे कमी करता येतो. एक, जिवाणूंचे प्रमाण कमी ठेवणे. दुसरा, ईट-२ जनुकात बिघाड असलेला कृमी वापरणे. त्याच्या घशाचे स्नायू मंद गतीने आकुंचन पावतात, म्हणून भरपूर अन्न असूनही तो कमी खातो. १९९८ मध्ये लाकोव्स्की व हेकिमी यांना असे बहुतेक उत्परिवर्ती कृमी जास्त जगताना आढळले. ही वाढ ५० टक्क्यांपर्यंत होती.

कमी अन्न म्हणजे शरीराची कमी झीज, एवढेच हे असेल का? तसे असते, तर एखादे नियामक जनुक निष्क्रिय केल्याने हा लाभ नाहीसा झाला नसता. प्रत्यक्षात, पीएचए-४ हे जनुक दडपले की ईट-२ कृमीचे वाढीव आयुष्य नाहीसे होते. डाफ-२ या इन्सुलिनसदृश संदेशाच्या ग्राहीत बिघाड असलेला कृमीही दीर्घायुषी असतो. पण पीएचए-४ दडपूनही त्याचे आयुष्य दीर्घच राहते. याउलट त्याला डाफ-१६ लागते, ईट-२ कृमीला लागत नाही. म्हणजे हे दोन मार्ग वेगळे आहेत.

ही तर्कपद्धती लक्षात ठेवा: जनुक काढल्यावर परिणाम नाहीसा झाला, तर त्या परिणामासाठी ते जनुक आवश्यक आहे. अन्नटंचाई हा पेशींसाठी संकेत असतो. त्यानुसार त्या वाढ आवरतात आणि स्वतःचे जीर्ण घटक मोडून पुन्हा वापरतात. ही स्वभक्षणाची क्रिया रोखली, तरी ईट-२ कृमीचा लाभ जातो.

मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. प्रौढ कृमीला विरळ जिवाणू दिल्यावर मिळणाऱ्या लाभासाठी डाफ-१६ लागते. म्हणजे आहार कसा कमी केला, यावर मार्ग ठरतो. शिवाय मृत जिवाणू दिल्यानेही आयुष्य वाढते, कारण जिवंत जिवाणू म्हाताऱ्या कृमीला अपाय करतात. म्हणून असा प्रयोग वाचताना आधी विचारा: अन्न कमी झाले, की अन्नातला अपाय कमी झाला? हे ठरल्याशिवाय कृमीवरील निष्कर्ष माणसाच्या ताटापर्यंत नेता येत नाही.