गाण्यांची सामायिक कोठी

आमचा नातू गेलीं दोन वर्षें संगणकावर संगीत रचीत असतो. त्यासाठीं तो जें साधन वापरतो त्याचें नांव एल्‌एम्‌एम्‌एस्. हें साधन २००४ सालीं सुरू झालें. तें विनामूल्य मिळतें, त्याची मूळ लिखावट कोणासहि पाहतां व सुधारतां येते, आणि देशोदेशींची हौशी मंडळी त्याच्याभोंवतीं जमली आहे. गेल्या महिन्यांत नातवानें कोणा परदेशी रचनाकाराची एक कृति उतरवून घेतली. उघडून पाहतो तों ढोल मुका, तंतुवाद्य मुकें, आणि पडद्यावर अमुक अमुक ध्वनि सांपडत नाहींत अशी यादी! ‘‘आजोबा, पोथी आली, पण निम्मीं पानें कोरीं आहेत,’’ असें तो म्हणाला. तेव्हांपासून तो व त्याचे चार मित्र अशा कृतींसाठीं एक लहानशी सामायिक कोठी उघडण्याच्या विचारांत आहेत. त्यांच्या बैठकी आमच्याच माजघरांत भरत असल्यामुळें आम्हांसहि या विषयाची थोडी गोडी लागली.

कोऱ्या पानांचें कारण साधें आहे. या साधनाच्या फाइलींत स्वर, ताल व वाद्यांच्या ठेवणी लिहिलेल्या असतात. ध्वनींचे तुकडे, ज्यांस ही मंडळी सॅम्पल म्हणतात, ते सामान्यतः तींत नसतात. ते रचनाकाराच्या संगणकावर कोठें ठेवले आहेत, एवढाच पत्ता तींत असतो. ‘आमच्या फडताळांतील तिसऱ्या बरणींतला मसाला घाला’ असें लिहिलेली पाककृति परगांवीं धाडावी, तसाच हा प्रकार! वास्तविक १९८७ सालीं अमिगा नांवाच्या संगणकासाठीं कार्स्टेन ओबार्स्की यांनीं अल्टिमेट साउंडट्रॅकर हें साधन केलें, आणि त्या परंपरेच्या ‘मॉड’ फाइलींत स्वर व ध्वनि एकाच गांठोड्यांत बांधलेले असतात. अशा फाइलींचें मॉड आर्काइव्ह हें भांडार १९९६ पासून चालू आहे, आणि तेथील जुनी रचना आजहि वाजते. यावरून मुलांनीं पहिला नियम ठरविला, तो आम्हांस फार पसंत पडला: ज्या कृतीबरोबर तिचे सर्व सॅम्पल नाहींत, ती दारांतूनच परत करावयाची.

परंतु मग जागा किती लागेल? हा हिशेब आम्ही स्वतः पाटीवर मांडला. मास्तरकीची खोड, दुसरें काय. सी.डी.च्या प्रतीच्या ध्वनींत दर सेकंदास ४४,१०० नमुने, प्रत्येक दोन बाइटांचा, आणि डावा व उजवा असे दोन कान. म्हणजे मिनिटास १,०५,८४,००० बाइट. चार मिनिटांच्या गाण्यास सुमारें ४२ मेगाबाइट झाले. अशीं हजार गाणीं ठेवण्यास ४२ गिगाबाइट पुरतात, आणि तेवढी जागा आज खिशांत मावते. खरी मेख पुढेंच आहे. प्रत्येक गाणें शंभर जणांनीं उतरविलें, तर सर्व्हरांतून सुमारें ४.२ टेराबाइट बाहेर जातात, आणि पुष्कळ ठिकाणीं भाडें याच जावक-मालावर आकारतात. कोठीपेक्षां पंक्ति महाग, हें गृहिणींस सांगावयास नकोच.

त्यावर उपाय आहेत. २००१ सालीं निघालेल्या फ्लॅक या पद्धतीनें ध्वनि घडी करून ठेवला तर तो पुष्कळदां निम्म्या जागेंत मावतो, आणि उलगडल्यावर एका बाइटाचाहि फरक पडत नाहीं. नुसतें ऐकूं इच्छिणारांस ऑग व्हॉर्बिसमधील हलकी प्रत द्यावी. जड मूळ प्रत कामकऱ्यांसाठीं राखावी. शिवाय एकच ढोल शंभर गाण्यांत वापरलेला असतो. प्रत्येक फाइलीचा अंकरूप ठसा काढून तो जुळला तर ती एकदांच ठेवावी. हाच ठसा पुढें फाइल बिघडली काय, हेंहि सांगतो. २००१ सालीं ब्रॅम कोहेन यांनीं काढलेल्या बिटटोरंटचा मार्ग आणखी मौजेचा: जेवून उठलेल्यानेंच पुढच्या पंक्तीस वाढावें. मात्र ज्या गाण्यास कोणी विचारीत नाहीं, त्यास वाढपीहि मिळत नाहीं. म्हणून एक सर्व्हर स्वतःचा हवाच.

हक्काची बाब थोडक्यांत. साधनाचा जी.पी.एल. परवाना त्यावर रचलेल्या गाण्यास आपोआप लागू होत नाहीं. देणारानें कोणता परवाना दिला, हें दारांतच लिहून घ्यावें. ‘धंद्यासाठीं नको’ अशा अटीचा ढोल ज्या कृतींत आहे, तीवर मोकळा शिक्का मारतां येत नाहीं.

आम्हांस चिंता वाटते ती टिकण्याची. मायस्पेस हें एके काळीं संगीतकारांचें केवढें प्रचंड ठिकाण! सर्व्हरांच्या स्थलांतरांत तेथील जुनीं गाणीं नष्ट झाल्याचें मार्च २०१९ मध्यें उघड झालें. सुमारें ५ कोटी असा आंकडा तेव्हां प्रसिद्ध झाला. त्यांतील ४ लक्ष ९० हजार गाणीं इंटरनेट आर्काइव्हनें पुनः उपलब्ध करून दिलीं, तीं कशामुळें? कांहीं अभ्यासकांनीं २००८ ते २०१० च्या दरम्यान आपल्या संशोधनासाठीं प्रती करून ठेवल्या होत्या म्हणून. मालकाजवळ एकहि उरली नाहीं, त्रयस्थाजवळ उरली! आमच्याकडील जुन्या ग्रंथांची कथा याहून निराळी नाहीं. मूळ पोथी वाळवीनें खाल्ली तरी दुसऱ्या प्रांतांत कोणी नक्कल केलेली असे, आणि तिच्यावरूनच आज पाठ ठरतो. म्हणून संपूर्ण कोठीची नक्कल करण्यास कोणासहि मोकळीक असावी, असा आमचा आग्रह होता. त्यावर पुष्कळ वाद होऊन, दर महिन्यास एक प्रत दुसऱ्या देशांतील मित्राकडे जाईल असें ठरलें.

परवां आम्ही मुलांस तीन प्रश्न लिहून दिले. भाडें कोण भरणार? किल्ल्या किती जणांजवळ असणार? आणि तुम्ही पांचहि जण नोकरीधंद्यांत गुंतलांत, म्हणजे दिवा कोण लावणार? पहिल्या दोहोंचीं उत्तरें दुसऱ्या दिवशींच आलीं. तिसऱ्या प्रश्नापुढची जागा अजून रिकामी आहे, आणि कोठीचें उद्‌घाटन त्यासाठींच दिवाळीपर्यंत पुढें ढकललें आहे.