झाकणाची भोकं जुळत नाहीत? कॅडमध्ये एकच स्केच सगळ्या पार्टना कसं पुरतं, समजून घ्या

गिअरबॉक्सचं साधं उदाहरण घ्या. खाली बॉडी, वर झाकण, मधे गॅस्केट आणि तिन्हींतून जाणारे सहा बोल्ट. डिझायनरने तिन्ही पार्ट वेगळे काढले, म्हणजे भोकांचं स्केचही तीनदा काढलं. पुढे एक बोल्ट बेअरिंगच्या फार जवळ येतोय म्हणून तो 4 मिलिमीटर बाजूला घेतला. बॉडीत बदल केला, झाकणात केला, गॅस्केट राहून गेलं. गॅस्केट तरी स्वस्त. झाकण राहिलं असतं, तर मशिनिंग झालेलं कास्टिंग थेट भंगारात!

यावर उपाय म्हणजे स्केच एकदाच काढायचं आणि प्रत्येक पार्टने ते लिंकने वापरायचं. या मूळ स्केचला मास्टर स्केच म्हणतात. त्यात एक भोक सरकवलं आणि मॉडेल अपडेट केलं, की तिन्ही पार्टमधलं भोक सरकतं.

कल्पना तशी जुनी आहे. इव्हान सदरलँड यांनी 1963 मध्ये एमआयटीत मांडलेल्या ‘स्केचपॅड’मध्ये मूळ आकृती बदलली की तिच्या सगळ्या प्रती बदलायच्या. तेही लाइट पेनने, थेट पडद्यावर.

आज फ्रीकॅडमध्ये यासाठी ‘शेप बाइंडर’ आणि ‘सब-शेप बाइंडर’ आहेत. स्केच दुसऱ्या फाइलमध्ये असेल तर दुसरा वापरा. सॉलिडवर्क्समध्ये असेंब्लीत राहून ‘कन्व्हर्ट एंटिटीज’ने बाहेरच्या रेषा घेतल्या, की फीचर ट्रीमध्ये नावापुढे छोटा बाण दिसतो. बाणापुढे प्रश्नचिन्ह आलं, तर मूळ संदर्भ सध्या सापडत नाहीये असं समजा.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. मास्टर स्केचमध्ये भोकांचे व्यास टाकू नका, फक्त केंद्रबिंदू ठेवा. कारण एम6 बोल्टसाठी झाकणात साधारण 6.6 मिलिमीटरचं मोकळं भोक लागतं, पण बॉडीत आटे पाडायचे असल्याने ड्रिल 5 मिलिमीटरचं. जागा एकच, माप वेगळं. वर्तुळच लिंक केलं तर एक पार्ट हमखास चुकणार. जागा मास्टरने ठरवावी, माप ज्याचं त्याने.

दुसरा घोळ म्हणजे तयार पार्टची कड पकडून लिंक करणं. सॉफ्टवेअर कडांना आतून नावं देतं. पार्टमध्ये एखादी खाच वाढली की ती नावं बदलू शकतात आणि भोक भलत्याच जागी जातं. फ्रीकॅड वापरणाऱ्यांनी हा त्रास वर्षानुवर्षं काढला. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या 1.0 आवृत्तीत तो बराच कमी झाला, पण संपलेला नाही. म्हणून लिंक स्केचलाच करावी, कडेला नाही.

लिंक एकाच दिशेने जाऊ द्या: मास्टरकडून पार्टकडे. झाकण बॉडीवर आणि बॉडी झाकणावर अवलंबून ठेवली, तर फ्रीकॅड सरळ एरर देतं. आणि बाजारातून आणायच्या बोल्टला, नटला लिंक करूच नका. तुमचं स्केच बदललं म्हणून दुकानातला बोल्ट काही बदलणार नाही.

राहिला प्रश्न व्हेंडरचा. पार्टची मूळ फाइल एकटीच पाठवली, तर मास्टर तुमच्याच कॉम्प्युटरवर राहतो आणि तिकडे लिंक तुटलेली दिसते. त्यापेक्षा स्टेप फाइल काढून द्या. तिच्यात अंतिम आकार जातो, लिंक जात नाही. फक्त मास्टर बदलला की ती नव्याने काढावी लागते, कारण आधी पाठवलेली फाइल आपोआप बदलत नाही.