गोंगाटात घुबडाची शिकार का चुकते?

बदामी आकाराच्या पांढऱ्या चेहऱ्याचं गव्हाणी घुबड आपण जुन्या वाड्यात, देवळात किंवा गोदामात पाहिलं असेल. ते डोळ्यांच्या जोरावर शिकार करतं, असं आपण धरून चालतो. पण रॉजर पेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की, मिट्ट काळोखातही ते उंदीर पकडतं. त्यांनी उंदराला दोरीने वाळकं पान बांधलं, तेव्हा घुबडाने झडप घातली ती पानावर! नेम आवाजावर होता.

ही शिकार क्रमाने समजून घेऊ. नीट ऐकू यावं म्हणून आपण कानामागे तळहात धरतो. तेच काम घुबडाच्या चेहऱ्यावरची ताठ पिसं करतात. बारीक आवाज गोळा करून कानाकडे वळवतात.

मग दिशा. घुबडाचे कान एका पातळीत नसतात, डाव्या कानाचं छिद्र थोडं वर असतं. आवाज कोणत्या कानाला आधी पोचला यावरून त्याला डावं-उजवं कळतं. कोणत्या कानात मोठा आला यावरून वर-खाली.

शेवटी झेप. पंखांच्या कडा मऊ असल्याने उडताना जवळजवळ आवाज होत नाही. उंदीर सावध होत नाही, आणि घुबडालाही वाटेत त्याची खसखस ऐकू येत राहते.

घोटाळा होतो तो पहिल्याच पायरीवर. गाड्यांच्या आवाजाने घुबड घाबरत असेल, असं आपल्याला वाटतं. खरी अडचण वेगळीच आहे. सततच्या घरघरीत उंदराची खसखस बुडून जाते. याला ध्वनी-आच्छादन म्हणतात, म्हणजे एका आवाजाखाली दुसरा झाकला जाणं. त्यामुळे ‘होईल सवय’ म्हणून हा प्रश्न सोडून देता येत नाही. सवयीने भीती मोडेल, पण झाकलेली खसखस ऐकू येणार नाही.

डेसिबल हे आवाजाची पातळी मोजायचं माप. आपलं साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात सॉ-व्हेट या छोट्या घुबडांना वायूच्या कॉम्प्रेसरचा आवाज ऐकवला होता. आवाज वाढला तसं दर डेसिबलमागे शिकारीचं यश सुमारे ८ टक्क्यांनी घटलं. ६१ डेसिबलच्या वर एकाही घुबडाला शिकार साधली नाही. त्याच वर्षीच्या जपानमधल्या अभ्यासात वाहनांच्या आवाजाचा परिणाम रस्त्यापासून १२० मीटरच्याही पलीकडे जाणवला. रस्ता दिसत नाही एवढ्या अंतरावरचं शेतही शांत असेलच असं नाही, हे मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

घुबडांनी उंदीर टिपावेत म्हणून आपण शेतात पक्षीथांबे लावत असाल, तर ते हमरस्ता, जनरेटर आणि डिझेल इंजिनापासून जमेल तितके दूर लावा. आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला कायद्याने बंदी आहे, ती आपल्या गावात पाळली जाईल असं पाहा. उंदीर टिपण्याची घुबडाची वेळ तीच आहे.