शाळेतली फिल्म आणि घरातला विटाळ

मिरा-भाईंदरच्या वस्त्यांना शूटिंगचं नवल नाही. घोडबंदर रस्त्याकडेला मालिकांचे सेट पाहतच आपली मुलं मोठी होतात. पण मुलगी म्हणाली, "शाळेत आम्ही फिल्म करतोय, विषय मासिक पाळी," की घरात सगळे गप्प.

लॉस एंजेलिसच्या ओकवूड शाळेतल्या मुलींनी हेच धाडस केलं. शिक्षिका मेलिसा बर्टन सोबत होत्या. मुलींनी केक विकले, लोकवर्गणी काढली. त्यातून उत्तर प्रदेशात हापूर जिल्ह्यातल्या काठीखेडा गावी पॅड बनवायचं यंत्र बसलं. यंत्र कोइम्बतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांचं. त्याचीच २६ मिनिटांची फिल्म रायका झेहताबची यांनी केली, 'पीरियड. एंड ऑफ सेंटेन्स.', आणि तिला २०१९ साली ऑस्कर मिळालं. त्यात पाळीबद्दल विचारलं की मुली लाजून गप्प होतात, आणि एका मुलाला तो बायकांचा आजार वाटतो! कपडा बदलायची अडचण म्हणून शाळा सोडलेली तरुणीही त्यात भेटते.

फिल्म चांगलीच आहे. तरी आम्हाला एक खुपतं : कॅमेरा बाहेरच्यांच्या हातात होता. आपल्याकडे नागराज मंजुळे यांनी अहमदनगरच्या कॉलेजात शिकताना 'पिस्तुल्या' केली. शाळेसाठी आसुसलेल्या पोराची ती छोटी फिल्म राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत गेली. ज्यानं सोसलं त्यानं दाखवलं की वेगळंच दिसतं. म्हणून पाळीवरची फिल्म आपल्या मुलींनीच करावी.

त्यांना दाखवण्यासारखं आपल्याच घरात आहे. विटाळ म्हणून आपल्या आजा-पणजांना पाणी नाकारलं, त्यासाठी १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जावं लागलं. आणि बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या काही घरांत आजही मुलीला त्या चार दिवसांत माठाला हात लावू देत नाहीत. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायकांना स्वच्छतेबरोबर मुलांच्या मनात महत्त्वाकांक्षा जागवायलाही सांगितलं होतं. मग मुलीनं मोठा विषय घेतला की आपण का बिचकतो?

फिल्ममध्ये खरी माहिती यावी. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचा. कपडा वापरत असाल तर साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवायचा, अंधाऱ्या मोरीत लपवायचा नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवल्यावर घ्यायची, फेकायची नाही. तासा-दोन तासांत पॅड भिजत असेल किंवा सात दिवसांहून जास्त रक्त जात असेल, तर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात दाखवायचं. शाळेच्या संडासाला कडी आहे का, नळाला पाणी आहे का, पॅड टाकायला डबा आहे का, हेही कॅमेऱ्यात येऊ द्या.

एक मात्र सांभाळा. कुठल्याही मुलीचा चेहरा तिच्या आणि पालकांच्या परवानगीशिवाय घेऊ नका. हात दाखवा, आवाज घ्या, चित्रं काढा. कच्चं शूटिंग व्हॉट्सअॅपवर फिरू देऊ नका, ते शिक्षकांकडेच राहू द्या.

फिल्म झाली की रविवारी वंदनेनंतर विहारात दाखवा. बापांना आणि भावांना पुढच्या रांगेत बसवा, प्रश्न आधी त्यांना विचारू द्या.