हाच तो वाघ

२०१८-१९ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी ट्रॅप कॅमेरे लावले होते. त्यांनी जवळजवळ साडेतीन कोटी फोटो टिपले. हरणं, रानडुकरं, गाईगुरं, माणसं, वाऱ्याने हललेलं गवत, सगळं त्यात होतं. वाघांचे फोटो निघाले ७६,६५१. आणि या फोटोंमधून बछडे वगळता वाघ निघाले २,४६१.

या दोन आकड्यांमधलं अंतर मला थक्क करतं. शहात्तर हजार फोटो म्हणजे शहात्तर हजार वाघ नव्हेत, हे कुणीही सांगेल. पण ताडोबाच्या जंगलात मोहर्लीच्या बाजूला पहाटे दिसलेला वाघ आणि चार दिवसांनी कोलाऱ्याकडे दिसलेला वाघ एकच, हे ठरवायचं कसं? पट्ट्यांवरून. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. एवढंच काय, एकाच वाघाची डावी आणि उजवी बाजूही जुळत नाही. म्हणून वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर कॅमेरे बांधतात. नाहीतर एकाच जनावराच्या दोन कुशी दोन वाघ म्हणून मोजल्या जायच्या. पुढे संगणक वाघाच्या शरीराचा त्रिमितीय आकार फोटोवर बसवतो, वाकडातिकडा दिसणारा पट्ट्यांचा नकाशा सरळ करतो आणि जुन्या नोंदींशी ताडून पाहतो. शेवटचा निवाडा माणसाचा डोळा देतो.

‘वाघ’ आणि ‘हाच तो वाघ’ हा भेद प्रोग्रॅमिंगमध्येही आहे. ते शिकायला बसलेल्या मुलांना ‘क्लास’ आणि ‘ऑब्जेक्ट’ हे शब्द पहिल्याच महिन्यात भेटतात आणि बहुतेकांना ते कोरडे वाटतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना तसं वाटायचं काहीच कारण नाही. ही जोडी त्यांच्या रानात फिरते आहे.

ताडोबात जाऊन ‘वाघ’ आजवर कुणीच पाहिलेला नाही. लोकांनी माया पाहिली, मटकासुर पाहिला, वाघडोह पाहिला. ‘वाघ’ ही आपल्या डोक्यातली जाण आहे: त्याला पट्टे असतात, तो नर किंवा मादी असतो, त्याचं वय असतं, त्याचा वावर असतो, तो शिकार करतो, हद्द आखतो. ही जाण एकदाच, एका जागी लिहून ठेवली की झाला क्लास. त्या जाणिवेबरहुकूम उभा राहिलेला एक-एक प्रत्यक्ष जीव म्हणजे ऑब्जेक्ट. क्लासला कोरा फॉर्म समजायला हरकत नाही, पण फॉर्म काही करत नाही. क्लासमध्ये गुणांसोबत कृतीही लिहिलेल्या असतात. त्या कृतींना मेथड म्हणतात.

पायथॉन या भाषेत नावं देवनागरीत ठेवता येतात. ‘वाघ’ नावाचा क्लास आधी लिहिलेला असेल, तर पुढच्या तीन ओळी जशाच्या तशा चालतात:

माया = वाघ("मादी")
मटकासुर = वाघ("नर")
टी१२ = माया

पहिल्या दोन ओळींनी संगणकाच्या स्मृतीत दोन वाघ जन्माला आले. तिसऱ्या ओळीने नवा वाघ जन्मला नाही. ताडोबातल्या पांढरपौनीची राणी माया वनखात्याच्या नोंदीत टी-१२ होती. तिथेही जीव एकच होता. संगणकाचंही तसंच. टी१२ चं वय वाढवा, मायाचं वाढलेलं दिसेल. ब्रह्मपुरीकडचा तरणा वाघ वैनगंगा ओलांडून गडचिरोलीतल्या वडशाच्या जंगलात उतरला की त्याचा जिल्हा बदलतो, वनविभाग बदलतो, लोकांनी ठेवलेलं नावही बदलू शकतं. जनावर तेच.

याच्या उलट बाजूही पाहा. दोन वाघ घ्या: दोन्ही नर, दोन्ही चार वर्षांचे, दोन्ही वडसा भागातले. नोंदीतला शब्द न् शब्द सारखा. संगणकाला विचारा, हे दोघं एकच का? तो म्हणेल, नाही. स्मृतीत त्यांच्या जागा वेगळ्या आहेत, आणि एकाला काही झालं तर दुसऱ्याला काहीही होत नाही. गुण कितीही जुळोत, हा तो नव्हे.

हा भेद किती मोलाचा आहे, ते गडचिरोलीने सोसून पाहिलं आहे. सीटी-१ या वाघाने गडचिरोली, भंडारा आणि ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात तेरा माणसांचे बळी घेतले. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला वडशाच्या जंगलात बेशुद्ध करून जेरबंद केलं. ज्या गावातला माणूस गेला, ते गाव ‘वाघ पकडा’ म्हणणारच. पण पकडायचा असतो तो एक, नेमका तोच. चुकीचा वाघ पिंजऱ्यात गेला तर एका निरपराध जनावराची कैद होते आणि मारणारा मोकळाच राहतो. पायथॉनमध्येही नेमका कोणता वाघ, हे सांगावंच लागतं. सीटी१.जेरबंद_कर() ही ओळ चालते. वाघ.जेरबंद_कर() असं नुसत्या क्लासला सांगा, पायथॉन ते नाकारते. कुणाला, हे कळल्याशिवाय ती कृती होऊच शकत नाही. नवख्याला ही चूक वैताग आणते, पण मला त्या नकारात मोठं शहाणपण दिसतं.

क्लास आणि ऑब्जेक्टची ही कल्पना सुचली ओस्लोमध्ये. नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमधले क्रिस्टन नायगार्ड आणि ओले-योहान दाल यांना खऱ्या जगातल्या हालचाली संगणकावर हुबेहूब चालवून पाहायच्या होत्या. त्यांच्यापुढे एक उदाहरण होतं पुलावरच्या टोलनाक्याचं. रांगेत ट्रक, बस, मोटारी. प्रत्येक वाहन आपापलं, तरी सगळ्यांत काहीतरी समान. ते समान वर एकदाच लिहायचं आणि खाली फक्त वेगळेपण जोडायचं, हा मार्ग त्यांनी काढला. १९६७ च्या ‘सिम्युला ६७’ या भाषेत क्लास आणि ऑब्जेक्ट आले. २००१ चा ट्युरिंग पुरस्कार दोघांना याच कामासाठी मिळाला.

आपल्याकडे टोलनाक्याऐवजी मार्जारकुळ घ्या. वर ‘मार्जार’, त्याखाली वाघ, बिबट्या, रानमांजर. नख्या, रात्रीची नजर, दबा धरणं हे सगळं वर एकदाच. झाडावर शिकार चढवून ठेवणं फक्त बिबट्यात लिहायचं. आता ताडोबात दिसलेल्या काळ्या बिबट्याचं काय करायचं? नवा क्लास? मोह होतोच, इतका तो वेगळा दिसतो. पण इन्फ्रारेड कॅमेऱ्यात त्याच्या काळ्या कातडीखालून तेच गुलाबठिपके उमटतात. हा रंग आई आणि बाप दोघांकडून आलेल्या एका जनुकाचा परिणाम असतो, आणि एकाच वेताला एक पिल्लू ठिपक्यांचं, एक काळं असू शकतं. म्हणजे क्लास तोच, ‘बिबट्या’. फक्त रंगाच्या रकान्यात ‘काळा’. नवा क्लास कधी करावा आणि नुसतं एक मूल्य कधी बदलावं, हे ज्याला नीट कळलं त्याने अर्धी विद्या मिळवली, असं माझं ठाम मत आहे.

माया २०२३ च्या पावसाळ्यात दिसेनाशी झाली. नोव्हेंबरमध्ये ताडोबाच्या गाभा क्षेत्रात वाघाचे अवशेष सापडले. ओळख पटवणारे पट्टे उरले नव्हते. वय, वजन, चाल, काहीच उरलं नव्हतं. डीएनए तपासणीने ती मायाच असल्याचं सांगितलं. प्रोग्रॅममध्ये एखाद्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवणारं एकही नाव शिल्लक राहिलं नाही, तर पायथॉन तो पुसून जागा मोकळी करते. वाघांची नोंदवही लिहिणाऱ्याने मात्र मेलेला वाघ यादीतून काढायचा नसतो. ‘स्थिती’च्या रकान्यात ‘मृत’ लिहायचं आणि ऑब्जेक्ट राहू द्यायचा, कारण मायाच्या प्रत्येक बछड्याच्या नोंदीत ‘आई’च्या रकान्यात नाव तिचंच आहे.