अवघड खेळाडू आणि संघाचे गणित

भात कापून मळणी उरकली की चिपळूण-गुहागर पट्ट्यात कबड्डीचे दिवस सुरू होतात. वाडीवाडीचे संघ उतरतात आणि त्यांतल्या एखाद्या संघात एक चढाईपटू हमखास असा असतो की ज्याच्यावरून सामना संपल्यावर तासभर वाद चालतो. तो सरावाला येत नाही. सामन्याच्या दिवशी मुंबईहून उतरतो. पकड हुकली की कोपऱ्यातल्या पोराला सगळ्यांदेखत झापतो. आणि तरीही शेवटच्या पाच मिनिटांत हातचा गेलेला सामना तोच फिरवतो. चहाच्या टपरीवर मग दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "तो हाय म्हणून संघ हाय." दुसरा म्हणतो, "तो हाय म्हणूनच संघ होत नाय."

हा वाद मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. अमेरिकेतले बास्केटबॉलचे शौकीन नेमका हाच वाद घालतात आणि त्याला 'टीम केमिस्ट्री' असे भारदस्त नाव देतात. आपल्याकडे त्यासाठी 'मेळ' हा साधा शब्द आहे. भजनाच्या बारीलाही तो चालतो आणि संघालाही. प्रश्न असा की, मोठ्या पण अवघड खेळाडूमुळे संघाचा मेळ खरोखर बिघडतो का, आणि बिघडला तर त्याने संघ हरतो का? वादात ही दोन्ही विधाने एकच धरली जातात. ती एक नाहीत. या लेखात मी ती वेगळी करून पाहणार आहे.

खेळ कोणता, यावर बरेच अवलंबून

रॉडरिक स्वाब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. फुटबॉल, बास्केटबॉल आणि बेसबॉल या तीन खेळांत संघातल्या अव्वल खेळाडूंचे प्रमाण वाढत गेले तर कामगिरीचे काय होते, हे त्यांनी तपासले. फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये आधी कामगिरी सुधारत जाते, पण एका मर्यादेनंतर आणखी तारे भरले की ती खाली येते, असे त्यांना दिसले. बेसबॉलमध्ये तसे झाले नाही. या निष्कर्षावर पुढे आक्षेपही घेतले गेले, पण त्यामागचे कारण विचार करण्याजोगे आहे. बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाच जण आणि चेंडू एक. प्रत्येक क्षणी कोणीतरी चेंडू सोडायचा असतो, तेव्हाच दुसऱ्याला तो मिळतो. बेसबॉलमध्ये फलंदाज आपल्या पाळीला एकटाच उभा असतो. शेजाऱ्याशी अबोला असला तरी त्याच्या फटक्यात फरक पडत नाही.

या मोजपट्टीवर क्रिकेट बेसबॉलच्या जवळचे. यष्टीमागे झेल आणि धावा घेताना हाक सोडली, तर बरेचसे काम एकेकट्याचे. कबड्डीचे मात्र गमतीचे आहे. चढाई करणारा पलीकडच्या अंगणात एकटा जातो, म्हणून तो एकांड्या शिलेदारासारखा दिसतो. पण तो बाद झाला की स्वतःच्या बळावर परत येऊ शकत नाही. सहकाऱ्यांनी प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू बाद केला तरच बाद झालेल्यांपैकी एक जण, तोही बाद झाल्याच्या क्रमाने, पुन्हा जिवंत होतो. म्हणजे ज्या कोपरारक्षकाला आपण मघाशी झापले, त्याच्याच पकडीवर आपले मैदानात परतणे अवलंबून असते. नियमानेच अहंकाराला बाकावर बसवणारे असे खेळ फार थोडे.

एकच माणूस, दोन संघ

बास्केटबॉलमधले गाजलेले उदाहरण डेनिस रॉडमनचे. रंगवलेले केस, दांड्या, निलंबने, मैदानावरची ढकलाढकली, सगळे काही त्याच्या खात्यावर होते. १९९३ ते १९९५ या काळात तो सॅन अँटोनियोच्या संघात होता आणि तिथे तो डोकेदुखी ठरला. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी त्याला शिकागो बुल्सकडे धाडून दिले. त्या मोसमात बुल्सने ८२ पैकी ७२ सामने जिंकले आणि पुढे सलग तीन विजेतेपदे मिळवली. माणूस तोच, सवयी त्याच.

फरक कामाच्या वाटणीत होता. रॉडमनला गुण मिळवण्याची हौस नव्हती. परत आलेला चेंडू हिसकावून घेण्यात तो सलग सात मोसम त्या स्पर्धेत पहिला होता. जॉर्डन आणि पिपेन यांना जे हवे होते ते त्याला नको होते आणि त्याला जे आवडे ते काम बाकीच्यांना जिकिरीचे वाटे. स्वभाव जुळले नाहीत तरी कामे एकमेकांत बसली. शिवाय सॅन अँटोनियोबद्दलही एक गोष्ट विसरली जाते. रॉडमनने 'मेळ बिघडवला' त्या १९९४-९५ च्या मोसमात त्या संघाने ६२ सामने जिंकले होते, साऱ्या स्पर्धेत सर्वाधिक. अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर ह्यूस्टनकडून हरल्यावर सगळा दोष त्याच्याकडे गेला.

मराठी वाचकाला याचा दाखला रंगभूमीवर मिळेल. बालगंधर्व १९१३ साली किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे हे दोघेही त्या मंडळीतून बाहेर पडले. एका छपराखाली मोठी माणसे टिकवणे किती कठीण, हे आपल्या नाट्येतिहासाच्या पानोपानी दिसते. पण १९२१ च्या जुलैमध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या 'संयुक्त मानापमाना'त बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी एकाच रंगमंचावर उभे राहिले आणि तो प्रयोग अजून सांगितला जातो. एक भामिनी, दुसरा धैर्यधर. कोणाची जागा कोणती, याबद्दल संहितेत संशयच नव्हता.

आधी मेळ की आधी विजय?

संघात एकोपा असतो म्हणून तो जिंकतो, असे आपण गृहीत धरतो. उलटही असू शकते. जिंकणाऱ्या संघात भांडणे चेष्टेवारी जातात. हरणाऱ्या संघात चेष्टेचेही भांडण होते.

१९९४ साली ब्रायन मलन आणि कॅरोलिन कॉपर यांनी एकोपा व कामगिरी यांवरचे ४९ अभ्यास एकत्र करून पाहिले. दोहोंत संबंध निघाला, पण एकोप्यामुळे यश येण्यापेक्षा यशामुळे एकोपा येण्याचा जोर अधिक दिसला. दुसरा निष्कर्ष असा की, एकमेकांवरचे प्रेम किंवा गटाचा अभिमान यांपेक्षा हातातल्या कामाशी असलेली बांधिलकी महत्त्वाची ठरते. मैत्री आणि कामातला मेळ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. याचे जिवंत उदाहरण हान्स लेंक. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या जर्मनीच्या आठ वल्ह्यांच्या नौकेत ते स्वतः वल्हे मारत होते. पुढे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झालेल्या लेंक यांनीच दाखवून दिले की, आतून गटबाजी आणि तेढ असलेल्या नौकाही सर्वोच्च पातळीवर जिंकत होत्या. आठ वल्ही एका लयीत पाण्यात पडणे पुरेसे होते.

दिल्ली, कोलकाता, मेलबर्न

आता आपल्या घरचे प्रकरण पाहू. १९८४ च्या डिसेंबरात इंग्लंडचा संघ भारतात होता. मुंबईची कसोटी भारताने जिंकली. दिल्लीत शेवटच्या दिवशी सामना वाचवायचा असताना डाव कोसळला. संदीप पाटील मोठ्या फटक्याच्या मोहात बाद झाले. कपिल देव यांनी पोकॉकला षटकार मारला आणि लगेच तसाच फटका मारायला जाऊन झेल दिला. भारत आठ गडी राखून हरला. ३१ डिसेंबरला सुरू झालेल्या कोलकात्याच्या कसोटीतून दोघांनाही वगळले गेले.

पार्श्वभूमी लक्षात घेतली पाहिजे. पाकिस्तानात हरल्यावर गावसकरांचे कर्णधारपद कपिलकडे गेले होते, कपिलने १९८३ चा विश्वचषक आणला होता, आणि वेस्ट इंडीजकडून मायदेशी हरल्यावर १९८४ मध्ये ते पद पुन्हा गावसकरांकडे आले होते. त्यामुळे वगळण्याच्या निर्णयाकडे कोणी शिस्त म्हणून पाहिले नाही. दोन ताऱ्यांचे भांडण म्हणूनच पाहिले. गावसकरांनी पुढे हा निर्णय निवड समितीचा होता असे सांगितले. पण ईडन गार्डन्सचा राग कर्णधारावरच निघाला. 'नो कपिल, नो टेस्ट' हे तिथले घोषवाक्य झाले. भारताने चौथ्या दिवसापर्यंत डाव लांबवला तेव्हा गावसकरांची हुर्यो उडवली गेली आणि मैदानात फळे फेकली गेली. त्यानंतर १९८७ मध्ये पाकिस्तानविरुद्धची ईडनवरची कसोटी गावसकर खेळले नाहीत.

मेळाच्या सिद्धांताची कसोटी इथे लागते. कपिल नव्हते ती कसोटी अनिर्णित राहिली. ते परतले ती चेन्नईची कसोटी भारत नऊ गडी राखून हरला. मालिका इंग्लंडने २-१ जिंकली. म्हणजे ना त्यांना वगळल्याने संघ सुधारला, ना परत घेतल्याने. आणि दोनच महिन्यांनी, १० मार्च १९८५ रोजी, मेलबर्नला याच गावसकरांच्या नेतृत्वाखाली, याच कपिलसह भारताने पाकिस्तानला हरवून बेन्सन अँड हेजेस जागतिक स्पर्धा जिंकली. पाचच्या पाच सामने जिंकले. अंतिम सामन्यात कपिलने २३ धावांत तीन बळी घेतले. जानेवारीत ज्या संघात फूट पडली असे छापून येत होते, तो मार्चमध्ये भारताच्या सर्वोत्तम एकदिवसीय संघांत गणला जाऊ लागला. दोघांचे स्वभाव बदलायला दोन महिने फारच थोडे. बदलला होता तो निकाल.

या प्रकरणाचे दोन परिणाम मात्र कायमचे झाले. रिकाम्या झालेल्या जागेवर मोहम्मद अझरुद्दीन नावाचा तरुण आला, त्याने पदार्पणात ११० धावा केल्या आणि पुढच्या दोन्ही कसोटींत शतके ठोकली. दुसरा परिणाम संदीप पाटलांच्या वाट्याला आला. कपिल देव १३१ कसोटी खेळले आणि पदार्पणापासून निवृत्तीपर्यंत हुकलेली त्यांची कसोटी ती एकच. अ‍ॅडलेडला १७४ करणाऱ्या पाटलांची दिल्लीची कसोटी शेवटची ठरली. ठपका एकच, शिक्षा दोन तऱ्हेच्या. कपिलच्या जागी दुसरा कपिल मिळत नव्हता. पाटलांच्या जागी अझर मिळाला. खेळाडूला किती अवघड होऊ दिले जाते, ते त्याच्या स्वभावावर ठरत नाही. त्याच्या जागी दुसरा मिळतो का, यावर ते ठरते.

अवघड कोण, हे कोण ठरवते?

१९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात लाला अमरनाथ उत्तम खेळत होते. एसेक्सविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतके केली होती. लॉर्ड्सवरच्या एका सामन्यात पॅड बांधून बसलेले असताना त्यांच्याआधी दुसऱ्यांना पाठवत राहिले, तेव्हा त्यांचा तोल गेला. कर्णधार होते विजयनगरमचे महाराजकुमार, म्हणजे 'विझी'. पहिल्या कसोटीआधीच अमरनाथ यांची बेशिस्तीबद्दल मायदेशी रवानगी झाली आणि भारत मालिका हरला. नंतर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमाँट यांच्या समितीने चौकशी केली आणि ताशेरे ओढले ते विझींच्या नेतृत्वावर. ज्याला अवघड म्हणून घरी पाठवले तोच पुढे स्वतंत्र भारताचा पहिला कसोटी कर्णधार झाला. 'अवघड' हा शिक्का मारण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याचीही तपासणी व्हायला हवी.

पुन्हा कबड्डीकडे

२०२२ च्या प्रो कबड्डीत तमिळ थलायवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतले. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि तो मोसमातून बाहेर गेला. त्याच्याशिवाय हा संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचला. पुढच्या मोसमात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी २ कोटी ६० लाखांहून अधिक मोजले. तो खेळला, पण संघ तळाला राहिला. यात पवनच्या स्वभावाचा काही संबंध नव्हता. एका चढाईपटूवर तिजोरी रिकामी केली की पकडीला माणसे उरत नाहीत, हे साधे अंकगणित होते. २०२५ च्या सप्टेंबरात थलायवाजने शिस्तीचे कारण देऊन त्याला मोसमाच्या मध्येच बाजूला केले आणि त्याने आरोप नाकारले, तेव्हा मात्र सगळी चर्चा स्वभावाकडे वळली.

आमच्या टपरीवरच्या वादात दोन्ही पक्ष अर्धवट बरोबर आहेत. ताऱ्याच्या तिरसटपणाने संघ बुडतो याला पुरावा कमी आहे. मात्र त्याच्यामुळे दुसऱ्यांचे काम अडले, तर नुकसान खरे असते. म्हणून मंडळाच्या कार्यकर्त्यांनी 'तो चांगला की वाईट' हे विचारण्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. तो बाकावर असताना बाकीचे सहा जण पकड करतात का, की त्याची वाट पाहतात? त्याने झापलेला कोपरारक्षक पुढच्या चढाईत पाय धरायला पुढे येतो, की चुकायच्या भीतीने मागे राहतो? आणि सरावाला न आल्याबद्दल त्याला जी सूट आहे, ती आठव्या-नवव्या क्रमांकाच्या पोराला मिळेल का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मैदानात दिसतात. सामना पाहताना वहीत मांडता येतील इतकी ती साधी आहेत. तिसऱ्याचे उत्तर मंडळाच्या बैठकीत मिळते आणि तिथे बहुतेक वेळा ते पोर हजर नसते. त्याला बैठकीला बोलावणे एवढे तरी या हंगामात करता येईल.